डीएनए लस त्वचेतच का देतात? (जाणकारांनी प्रकाश टाकावा)

नळस्टॉपवाला

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, स्प्रिंगा आणि बारीक भोकाचे नोझल करतो. त्यामुळे सुईविना इंजेक्शन देणाऱ्या यंत्राबद्दल वाचायला घेतलं ते यंत्रापुरतंच. वाचता वाचता लशीत शिरलो आणि आता बाहेर पडता येईना.

मला कळलं ते एवढं. २० ऑगस्ट २०२१ ला झायडसच्या झायकोव्ह-डी या कोविड लशीला आपल्याकडे आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. माणसांसाठी परवानगी मिळालेली जगातली ही पहिली डीएनए लस, आणि तीही १२ वर्षांपुढच्या सगळ्यांना. कोव्हिशील्ड, कोव्हॅक्सिन दंडाच्या स्नायूत दिल्या, ही मात्र त्वचेत. प्रत्येक खेपेला दोन्ही दंडांवर ०.१ मिली, अशा तीन खेपा, २८-२८ दिवसांच्या अंतराने. सुई नाही. स्प्रिंग ताणायची, नोझल दंडावर टेकवायचं, बटण दाबलं की द्रवाची केसाएवढी बारीक धार कातडीत जाते. ना वीज, ना बॅटरी.

सरकारने १ कोटी डोस घेतले तेव्हाचा दर पाहा: लस २६५ रुपये आणि त्या यंत्राच्या वापरापोटी ९३ रुपये, मिळून ३५८, जीएसटी वेगळा. म्हणजे चार रुपयांतला एक रुपया लस आत ढकलण्यासाठी! धंदेवाईक माणूस म्हणून माझं डोकं तिथेच ठेचकाळलं. साध्या सिरिंजला दोन-चार रुपये पडतात. एवढा खर्च करायचा तर त्याला तसंच सबळ कारण असणार. ते कारण काय? स्नायूत का नाही? आणि उंदरांवर हे सगळं तीसेक वर्षांपूर्वी जमलं होतं म्हणतात, मग माणसांपर्यंत यायला २०२१ का उजाडलं?

---

मिसळ_जादा_तर्री

पहिला! बाकी नळस्टॉपच्या माणसाने नोझलबद्दल विचारावं, वा.

(जाणकारांच्या प्रतीक्षेत, शेव-फरसाण घेऊन बसलोय.)

---

लॅबकरीण

चांगला प्रश्न. माझं पीएचडीचं काम प्लाझ्मिडवरच होतं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बहुतेक लशींत विषाणू किंवा त्याचा तुकडा देतात. डीएनए लशीत तुकडा देत नाहीत, तो तयार करण्याची सूचना देतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं लहानसं बंद कडं. त्यात विषाणूच्या एका प्रथिनाचं जनुक बसवायचं, हे कडं ई. कोलाय जिवाणूत घालायचं, टाकीत जिवाणू वाढवायचे, मग ते फोडून कडी वेगळी करून शुद्ध करायची. झायकोव्ह-डीत कोरोनाच्या काटेप्रथिनाचं जनुक आहे. आपल्या पेशी ते वाचतात, प्रथिन बनवतात आणि प्रतिकारशक्ती त्या प्रथिनाला ओळखायला शिकते. अख्खा विषाणू कुठेच नसतो.

आता गोम. एमआरएनए लस पेशीच्या आत पोचली की झालं, तिथेच प्रथिन तयार व्हायला लागतं. डीएनएला पेशीचं पटल ओलांडून पुढे केंद्रकातही जावं लागतं. मोठा, ऋणभारित रेणू आहे, पटलावरही ऋणभार, आपणहून आत जाणं कठीण. त्यात पेशींच्या बाहेरच्या द्रवात डीएनए कापणारी विकरं (एन्झाइम) टपलेली असतात. नुसतं टोचलेलं बहुतांश डीएनए पेशीपर्यंत पोचण्याआधीच संपतं. म्हणून मात्रा बघा: फायझरच्या एमआरएनए लशीचा प्रौढांचा डोस ३० मायक्रोग्रॅमचा, झायकोव्ह-डीचा २ मिलिग्रॅमचा, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम.

उंदीर आणि माणूस यांतला फरकही इथेच आहे. १९९० मध्ये उंदराच्या स्नायूत नुसतं डीएनए टोचून प्रथिन तयार होतं हे अमेरिकेत दिसलं. १९९३ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या आतल्या एका प्रथिनाचं जनुक उंदरांना दिलं आणि ते फ्लूपासून वाचले. सगळीकडे जल्लोष. माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा लस सुरक्षित ठरली, पण अँटिबॉडी अगदीच मरतुकड्या. उंदराच्या इवल्याशा स्नायूत थेंबभर द्रव दाबाने भरला की तो पेशींत घुसतो. माणसाच्या दंडात तेवढाच द्रव पसरून जातो, दाब राहतच नाही. पुढची वीसेक वर्षं हा विषय 'उंदरांचं भलं करणारी लस' म्हणून टिंगलीचा झाला होता, आमच्या खात्यातही.

पण १९९२ चा एक प्रयोग लोक विसरतात. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते उंदराच्या कानाच्या कातडीत झाडले होते. जनुकं देऊन अँटिबॉडी तयार करण्याचा तो अगदी सुरुवातीचा यशस्वी प्रयोग, आणि तो त्वचेतला! मिलिग्रॅम सोडा, तिथे डीएनए मायक्रोग्रॅममध्येच लागायचं, कारण कण थेट पेशीत घुसत. म्हणजे डीएनए कधीच कमकुवत नव्हतं, ते योग्य पेशीत नेऊन ठेवणारं कुणी नव्हतं. तुमचे ९३ रुपये त्यासाठी आहेत.

---

बालरोगवाला

लॅबकरीणताईंनी डीएनएची बाजू सांगितली, मी कातडीची सांगतो.

सगळ्यात वर मृत पेशींचा थर, १०-२० मायक्रॉनचा. त्याखाली बाह्यत्वचा, दंडावर साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. तिच्या खाली एक-दोन मिलिमीटर अंतस्त्वचा. बाह्यत्वचेत लँगरहान्स पेशी आणि अंतस्त्वचेत डेंड्रायटिक पेशी ठासून भरलेल्या असतात. बाहेरचं काही दिसलं की ते उचलायचं, काखेतल्या लसिका ग्रंथीपर्यंत न्यायचं आणि तिथल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना दाखवायचं, हेच यांचं काम. निरोगी स्नायूत अशा पेशी फार थोड्या. लस शिकवायला न्यायची असेल तर जिथे शिकवणारे आहेत तिथेच न्यावी.

आणि हे काही डीएनएपुरतं नाही. बीसीजी जन्मल्या जन्मल्या डाव्या दंडावर, त्वचेतच. पोलिओची टोचायची लस तुटपुंजी पडली तेव्हा, २०१६ पासून, आपण ०.५ मिलीऐवजी ०.१ मिली त्वचेत द्यायला लागलो, पाचव्या हिश्श्यात काम. कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर जे लहान लहान फुगे उठवतात तेही हेच. २००६ पासून भारतात परवानगी आहे आणि त्यानेच रेबीजची लस गोरगरिबांना परवडायला लागली.

मग सिरिंजने का नाही, या प्रश्नाचं उत्तर: देता येतं, पण हात पाहिजे. २६ नंबरची बारीक सुई, तिचं तिरकं तोंड वर, कातडी दोन बोटांनी ताणायची, १०-१५ अंशांत जवळजवळ आडवी सरकवायची, तोंड कातडीखाली दिसेनासं होईल इतकीच. दट्ट्या दाबला की अडलं पाहिजे. अडलं नाही तर समजायचं खाली गेली. बरोबर गेली तर छिद्रं उठून दिसणारा पांढरट, फिकट फुगा येतो, पाच-सहा मिलिमीटरचा. बाळ हात झटकतं, सिस्टर नवीन असते, बाहेर रांग लागलेली असते, आणि त्यात सुई अर्धा मिलिमीटर खोल गेली की लस चरबीत. स्प्रिंगचं यंत्र दमत नाही आणि प्रत्येकाला त्याच खोलीवर देतं. अकरावीतल्या मुलालाही, सत्तरीतल्या सुरकुतल्या हातालाही.

---

पर्वतीचे_आजोबा

आमच्या पिढीच्या दंडावरच्या देवीच्या खुणा पाहिल्यात का कुणी? तीही कातडीतलीच लस. देवीडॉक्टर दारात यायचा, दातेरी चकती असलेलं दांडकं दंडावर टेकवून गर्रकन फिरवायचा. आम्ही पोरं माळ्यावर लपायचो. नंतर दोन टोकांची सुई आली, १५ वेळा टचटच टोचायचे. एवढं करून देवीचा रोग जगातून गेला, १९८० साली तसं जाहीर झालं. कातडीची महती आम्हाला नव्याने सांगायला नको.

आणि कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं! माझ्या धाकट्या भावाने सोसलीत. आता दंडावर दोन फुगे म्हणजे चैन आहे.

---

शंकासूर

सगळं ठीक, पण मूळ मुद्द्याला कुणी हातच घालत नाही. लॅबकरीणबाई स्वतःच म्हणतात की हे डीएनए केंद्रकात जातं. माझंही डीएनए केंद्रकातच असतं. मग ते माझ्यात मिसळणार नाही याची हमी काय? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक हेच विचारत होते आणि त्यांना 'अडाणी' म्हणून गप्प केलं. मला अडाणी म्हणा, पण उत्तर द्या.

---

लॅबकरीण

@शंकासूर, अडाणी अजिबात नाही. औषध नियामक कंपन्यांना पहिला प्रश्न हाच विचारतात.

प्लाझ्मिड केंद्रकात सुटं राहतं. मानवी पेशीत स्वतःच्या प्रती काढायला लागणारा भाग त्यात नसतो, आणि गुणसूत्रात शिरायला लागणारं विकर त्याच्याजवळ नसतं. एचआयव्हीसारखा विषाणू घुसतो तो असं विकर सोबत आणतो म्हणून. तरीही दोरा तुटून कुठेतरी चिकटण्याची शक्यता गणिताने शून्य नाही. उंदरांच्या स्नायूत डीएनए टोचून हे मोजलं गेलं आहे. चिकटलंच असं धरून काढलेलं प्रमाणही आपल्या जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांपेक्षा कितीतरी खाली निघालं.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. विजेचे झटके देऊन डीएनए आत घालण्याची जी पद्धत आहे, इलेक्ट्रोपोरेशन, तिच्यात पेशींमध्ये डीएनए पुष्कळ जास्त जातं आणि उंदरांच्या स्नायूत गुणसूत्रात शिरल्याची तुरळक उदाहरणंही सापडली. म्हणून प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ही तपासणी पुन्हा करायला लावतात. 'डीएनए आधीच तपासलंय' एवढ्यावर भागत नाही.

त्वचेचा इथे एक फायदा आहे. बाह्यत्वचेतल्या पेशी महिना-दीड महिन्यात वर सरकून झडून जातात, त्यांच्यासोबत प्लाझ्मिडही. स्नायूच्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी दुसरी शंका मीच काढते. प्लाझ्मिड जिवाणूत वाढवताना निवडीसाठी त्यावर अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक ठेवायची जुनी पद्धत आहे, बहुतेक वेळा कॅनामायसिनचं. माझ्या मते ते काढूनच टाकावं. त्याशिवाय वाढवण्याच्या पद्धती आता आहेत.

---

शंकासूर

धन्यवाद. पहिल्यांदाच कुणी सरळ उत्तर दिलं. 'झाकून ठेवू नये' म्हणालात तिथे विश्वास बसला. तरी मी काय पहिल्या रांगेत उभा राहणार नाही.

---

कोथरूडची_काकू

वाखूसा (वाचनखूण साठवली). पण विजेचे झटके?? मुलांना??

---

लॅबकरीण

@काकू, मिलिसेकंदांचे, आणि तेवढ्या जागेपुरते. पेशीच्या पटलाला क्षणभर छिद्रं पडतात, डीएनए आत जातं, छिद्रं बुजतात. अमेरिकेतल्या इनोव्हिओ कंपनीचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. आधी स्नायूत द्यायचे, ते चांगलंच झोंबतं. मग त्वचेपुरतं, आखूड सुयांचं यंत्र केलं, ते बरंच सुसह्य आहे. शाळेच्या सभागृहात दोनशे मुलांना द्यायला मात्र मी ते निवडणार नाही.

---

बेलसरचा

धाग्याला थोडं पुरंदराकडे वळवतो. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा (डासांमुळे पसरणारा, गरोदरपणात बाळाला धोक्याचा विषाणू) पहिला रुग्ण आमच्या बेलसरमध्ये सापडला. गावात पथकं, घराघरात पाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं, गरोदर बायांचे नमुने, सगळं जवळून पाहिलंय. मग २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातच झिका निघाला, आणि त्यात गरोदर महिला बऱ्याच होत्या. झिकावर लस नाही हे प्रत्येक जण सांगत होता. डीएनए लशीचा इथे काही उपयोग?

---

लॅबकरीण

अगदी मोक्याचं उदाहरण काढलंत. झिकाची डीएनए लस झाली आहे आणि तीही त्वचेत दिलेली. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये साथ भडकली आणि २०१६ मध्येच माणसांवर चाचणी सुरू झाली. जीएलएस-५७०० तिचं नाव. ४० निरोगी माणसांना तीन वेळा, १ किंवा २ मिलिग्रॅम, त्वचेत आणि त्यावर इलेक्ट्रोपोरेशन. त्या माणसांचं रक्तद्रव झिकाला हमखास बळी पडणाऱ्या उंदरांना दिलं आणि मग विषाणू टोचला, तर ११२ पैकी १०३ उंदीर जगले. साथ सुरू झाल्यापासून इतक्या लवकर माणसांपर्यंत आलं ते प्लाझ्मिडमुळे. जनुक बदललं की बाकी कारखाना तोच.

पुढे काय झालं तर साथ ओसरली. रुग्णच नाहीत तर लस वाचवते हे दाखवणार कुणावर? तिथे सगळं थांबलं. झिका, चंडिपुरा असे विषाणू अचानक येतात, दोन महिने हाहाकार करतात आणि कंपन्यांना बाजार दिसायच्या आत निघून जातात. चंडिपुरा तर आपल्या पुण्याच्या विषाणू संस्थेनेच (आताची एनआयव्ही) १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चंडिपुरा गावात शोधला. त्यावरही अजून बाजारात लस नाही. अशा वेळी प्लाझ्मिड तयार करून फ्रीजमध्ये ठेवणं सोपं असतं, साथीत चाचणी लावणं अवघड.

---

बेलसरचा

म्हणजे आमच्यासाठी लस बनायची तर साथ आमच्याकडे जरा जास्त दिवस मुक्कामाला हवी. छान.

---

मिसळ_जादा_तर्री

@बेलसरचा +१. आणि पुण्यात मुक्कामाला आली तर पार्किंग कुठे करणार?

---

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य आहे, दौंड भागात. माणसांच्या लशीचा विषय निघाला की जनावरांना सगळे विसरतात म्हणून लिहितोय. माणसांच्या सोळा वर्षं आधी, २००५ मध्ये, अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाइल विषाणूची डीएनए लस मंजूर झाली. त्याच वर्षी कॅनडात सामन माशांसाठी. त्याआधी, कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडं नामशेष व्हायच्या बेतात होती तेव्हा वेस्ट नाइल पसरला म्हणून मंजुरीची वाट न बघता त्यांना डीएनए लस टोचली होती. कुत्र्यांच्या तोंडातल्या मेलेनोमा कर्करोगावरही अमेरिकेत डीएनए लस मिळते, आणि ती सुईविना यंत्राने देतात.

घोडा-माशांच्या त्या लशी स्नायूत द्यायच्या होत्या, हेही सांगायला हवं. म्हणजे त्वचाच पाहिजे असा हट्ट नाही. पण जाड कातडीच्या जनावराला कातडीत देणं काय असतं ते कुणी मला विचारू नका.

---

नळस्टॉपवाला

धागाकर्त्याचा आनंद गगनात मावेना. लॅबकरीणताई, एक तांत्रिक शंका. तुम्ही प्लाझ्मिडला 'मोठा रेणू' म्हणालात. आमच्या नोझलमधून केसाएवढ्या भोकातून एवढ्या वेगाने धार जाते, तेव्हा भोकाच्या कडेशी घर्षणाचा ताण प्रचंड असतो. शीतकाचं तेल असो नाहीतर पाणी, कडेशी त्याचं वागणं बदलतं. रेणू तुटत नाही का?

---

लॅबकरीण

वा, हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो! प्लाझ्मिड चांगलं असतं तेव्हा ते स्वतःभोवती घट्ट पिळलेलं असतं, त्याला सुपरकॉइल्ड म्हणतात. ताणाने एखाद्या जागी एक धागा तुटला की पीळ सुटतो आणि कडं सैल होतं. दोन्ही धागे तुटले की सरळ दोरा. तिन्ही रूपं जेलवर (विजेच्या जोरावर डीएनए ज्यातून सरकवतात तो मऊ थर) वेगवेगळ्या वेगाने पळतात. पिळलेलं सगळ्यात पुढे जातं, कारण ते आटोपशीर असतं. म्हणून यंत्रातून धार एका नळीत सोडायची, आधीचा आणि नंतरचा नमुना शेजारी शेजारी जेलवर चढवायचा आणि पट्टे पाहायचे. पुढचा पट्टा फिका आणि मागचा ठळक झाला तर भोकाचा व्यास किंवा दाब चुकला. हे मी रात्री जागून केलेलं आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली तो पुढचा पट्टा जसाच्या तसा दिसला की बरं वाटतं.

त्यामुळे लस आणि यंत्र यांना वेगवेगळी परवानगी घेऊन भागत नाही. यंत्र बदललं की लशीचा निकाल बदलतो. याला पुण्याचाच दाखला आहे: एनआयव्हीने झायकोव्ह-डी ऱ्हीसस माकडांवर तपासली, तेव्हा सुईविना यंत्राने २ मिलिग्रॅम दिलेला गट उजवा ठरला.

---

बालरोगवाला

आणि जुन्या जेट इंजेक्टरचा इतिहासही सांगायला हवा. सैन्यात आणि सामूहिक लसीकरणात पिस्तुलासारखी यंत्रं होती, एकच नोझल शेकडो दंडांवर. एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याकडे जायचा. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये अशा यंत्रातून हिपॅटायटिस बी पसरला आणि ती यंत्रं बाद झाली. आताच्या यंत्रात द्रवाची नळी-नोझल प्रत्येकासाठी नवी आणि एकदा वापरली की पुन्हा न चालणारी. त्या ९३ रुपयांत तीही आली.

---

शंकासूर

झायकोव्ह-डीचा परिणाम किती होता, ते कुणी सांगितलंच नाही. ६६ टक्के ना? मग एवढा उदोउदो कशाला? इतर लशी नव्वदच्या वर होत्या.

---

बालरोगवाला

६६.६ टक्के. चाचणीत २७ हजारांवर माणसं होती. लक्षणं असलेल्या ८१ रुग्णांपैकी लस घेतलेल्यांत २० आणि नुसता द्रव घेतलेल्यांत ६१. नव्वदीच्या लशी २०२० मध्ये मूळ विषाणूविरुद्ध तपासल्या होत्या, ही आपल्याकडे डेल्टा उसळला तेव्हा. दोन वेगवेगळ्या पेपरांचे मार्क शेजारी मांडून उपयोग नाही. पण हेही खरं की तीन खेपा आणि दोन्ही दंड हे प्रकरण लोकांना जड जातं. तिसऱ्या खेपेला किती जण येतात ते आम्हाला विचारा. नंतर ३ मिलिग्रॅमच्या दोन खेपांनाही परवानगी मिळाली. पण महाराष्ट्रात नाशिक-जळगावपासून सुरुवात ठरली होती तोवर बहुतेक मोठ्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी लशीचा निदान पहिला डोस घेतलाही होता. लस चांगली, गाडी उशिरा.

एक जमेची बाजू: २ ते ८ अंशांत राहते, आणि २५ अंशांतही निदान तीन महिने टिकते असं कंपनीने दाखवलं. वेल्ह्याच्या उपकेंद्रात वीज गेली तर फ्रीजमधल्या बाकीच्या लशींचं काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला याची किंमत कळेल.

---

हिंजवडी_फेज_टू

कुणी एमआरएनएचं नाव काढलंय म्हणून. आमच्या हिंजवडीतल्या जेनोव्हा कंपनीची ओमिक्रॉनवरची एमआरएनए लस जेमकोव्हॅक-ओएम जून २०२३ मध्ये मंजूर झाली, तीही सुईविना यंत्राने त्वचेतच देतात. म्हणजे त्वचेचा रस्ता डीएनएपुरता नाही. ट्रॅफिकमुळे आमच्याकडे पोचायला वेळ लागतो, लशीला लागत नाही.

---

पर्वतीचे_आजोबा

मला एक समजावून सांगा. यंत्र, वीज, स्प्रिंग हे सगळं झालं. याहून साधं काही नाही का? नुसतं चिकटवलं आणि झालं?

---

लॅबकरीण

आजोबा, दोन गोष्टी आहेत, दुसरी तुम्हाला आवडेल.

पहिली सूक्ष्म सुयांची पट्टी. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर मिलिमीटरहून आखूड शेकडो टोकं. बाह्यत्वचेत रुततात, वेदनेच्या नसांपर्यंत फारशी पोचत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने या टोकांवर डीएनएचे आणि पॉलिमरचे पातळ थर एकावर एक चढवले. पट्टी थोडा वेळ चिकटवून काढली की थर कातडीतच राहतात आणि हळूहळू सुटत जातात. माकडाच्या कातडीच्या तुकड्यांवर बघितलं तर नुसत्या टोचलेल्या डीएनएपेक्षा १४० पट प्रथिन तयार झालं. हा आकडा कातडीच्या तुकड्यावरचा आहे, जिवंत माणसावरचा नव्हे, हे विसरायचं नाही. हा विषय आकड्यांनी आधीच बऱ्याच जणांना चकवलेला आहे. गोवर-रुबेलाची अशी पट्टी गांबियात लहान मुलांना देऊन पाहिली आणि निकाल चांगले आले, पण ती डीएनए नाही.

दुसरी म्हणजे चक्क तुंबडी. तुमच्या लहानपणी दुखऱ्या जागेवर तुंबडी लावायचे ना, तसाच प्रकार. अमेरिकेतलं रटगर्स विद्यापीठ आणि कोरियाची एक कंपनी यांनी मिळून केलं. आधी डीएनए साध्या सुईने कातडीत, मग तिथे छोटा पेला लावून काही क्षण हवा ओढायची. कातडी वर उचलली जाते, ताणली जाते आणि पेशी डीएनए आत घेतात. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांत (रॅट) कोविडच्या डीएनए लशीने अँटिबॉडी नुसत्या टोचण्याच्या शंभरपटीच्या घरात गेल्या. झटका नाही, स्प्रिंग नाही. कोविडवरच्या लशीसाठी माणसांवर चाचणीही झाली.

---

पर्वतीचे_आजोबा

तुंबडी! आमची आजी हे ऐकायला हवी होती. डॉक्टरांना तोंडावर सांगितलं असतं तिने.

---

मिसळ_जादा_तर्री

आता 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असा वेगळा धागा निघणार. इनो घेऊन बसा.

---

लॅबकरीण

@मिसळ, आजीची तुंबडी रक्त ओढायची, ही डीएनए आत सोडते. दिशाच उलटी आहे. तो धागा काढू नका.

---

कोथरूडची_काकू

आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात डेंग्यू. त्यावर काही?

---

लॅबकरीण

काकू, डेंग्यू जरा तिरका आहे. चार प्रकार, आणि एका प्रकाराच्या अर्धवट अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला पेशीत शिरायला मदत करतात, मग आजार आणखी बिघडतो. म्हणून लशीत प्रथिनाचा कुठला भाग घ्यायचा हे फार जपून ठरवावं लागतं. डीएनएत ती सोय आहे, हवा तेवढाच तुकडा लिहायचा. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी चारही प्रकारांच्या आवरणप्रथिनाचा फक्त तिसऱ्या क्रमांकाचा भाग (डोमेन ३) आणि सोबत विषाणूचंच एनएस-१ नावाचं प्रथिन घेऊन डीएनए लस केली, उंदरांत चांगली चालली. उंदरांत हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय.

---

नळस्टॉपवाला

सगळ्यांचे आभार. मला जे हवं होतं ते मिळालं: लशीचं अर्धं काम आमच्या धंद्याच्या लोकांनी करायचं आहे. बाटलीतल्या डीएनएवर तीस वर्षं गेली, आणि ते कातडीत नेण्याच्या शेवटच्या मिलिमीटरला आत्ता कुठे पैसे मिळायला लागलेत. यंत्र अमेरिकेतून आणायचं आणि लस अहमदाबादेत करायची, असं का? पुण्यात लस करणारे आहेत, विषाणू तपासणारे आहेत, आणि भोसरी-चाकणला दोन शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारी वर्कशॉपं गल्लोगल्ली आहेत. या तिघांना एका टेबलाशी बसवलं तर हे ९३ रुपये ३० वर यायला हरकत नाही, असा माझा अंदाज. अंदाजच आहे, धरून बसू नका.

ताई, पिळलेल्या प्लाझ्मिडला किती व्यासाचं भोक सोसतं, त्याबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. नमुन्याला पाच-सहा नोझल देतो करून, वेगवेगळ्या व्यासाचे.

---

लॅबकरीण

करा की. कडा आतून पॉलिश करून द्या मात्र, खरखरीत राहिल्या तर पुढचा पट्टा गेलाच म्हणून समजा. आणि भोकाचा व्यास मायक्रॉनमध्ये लिहून पाठवा, 'केसाएवढं' चालणार नाही.